मोरफुलाचा ठिपका

हौसाबाईच्या परसातलं मोरफूल ठाऊक नाही असं माणूस भिवंडीजवळच्या कोन गावात शोधूनही सापडलं नसतं. घरामागे सिमेंटचा एक हौद होता आणि हौदात पाण्यावर तरंगणारी, फुगीर देठांची हिरवीगार रोपं होती. पावसाळ्यात त्यांना जांभळे तुरे यायचे आणि प्रत्येक फुलाच्या वरच्या पाकळीवर मोरपिसावर असतो तसा पिवळा डोळा असायचा. मोरफूल हे नाव हौसाबाईनंच ठेवलेलं. पुस्तकात त्याला काय म्हणतात याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

ते फूल महादूनं आणलं होतं. महादू म्हणजे तिचा नवरा. भिवंडीच्या लूमवरचे कापडाचे तागे टेम्पोत घालून मुंबईला पोचवायचा. लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला जावांच्या नवऱ्यांनी कुणी साडी आणली, कुणी बांगड्या. महादू आला तो हातात बादली घेऊन. मुंबईच्या वाटेवर टेम्पो तापला म्हणून एका तळ्यावर पाणी घ्यायला उतरला होता, तर पाण्याबरोबर बादलीत हे रोपही आलं. पाणी रेडिएटरमध्ये गेलं आणि रोप बायकोसाठी घरी. "तुझे सुपान ठेव," म्हणाला, "कुनाकडं नसंल आसं." जावा तोंडाला पदर लावून हसल्या. हौसा मात्र भाळली. फुलावर की नवऱ्यावर, ते तिचं तिलाच माहीत, पण रोप जपून परसातल्या हौदात गेलं.

या खाडीपट्टीत गौर म्हणजे तेरड्याची जुडी. तिला नटवायचं, चिंबोऱ्यांचा, म्हणजे खेकड्यांचा, नैवेद्य दाखवायचा, आणि तिसऱ्या दिवशी तळ्यात सोडायचं. घरात नवी सून आली असेल तर तिचा ओवसा असतो. फळं, पानं, फुलं भरलेली सुपं ती गौरीपुढे ओवाळते, आणि ही सुपं तिच्या माहेराहून येतात. सुपातलं फूल गौर जाईपर्यंत टवटवीत राहिलं पाहिजे. ते कोमेजलं की सासरच्या बायकांच्या भुवया वर जातात. आता मोरफुलाची एक खोड होती. देठ खुडला की संध्याकाळपर्यंत ते मान टाकायचं. पण मुळासकट, भिजल्या फडक्यात गुंडाळून दिलं तर तिसऱ्या दिवशीही ताठ उभं राहायचं. म्हणून हौसाबाई ते मुळासकट द्यायची.

आणि द्यायची कुणाला, तर गावातल्या प्रत्येक मुलीला. तिला स्वतःला मुलगी नव्हती, एकटा कुणाल तेवढा. मग गावातली कुठलीही पोर सासरी निघाली की पहिल्या ओवशाला हौसाबाईचं मोरफूल तिच्या सुपात जायचंच. पंचवीसेक वर्षं हा रिवाज चालला होता. आईनं दिलेला शालू एक वेळ घरी विसरेल, पण पोर काकीचं फूल विसरायची नाही. आणि तिसऱ्या दिवशी गौरीबरोबर सुपातलं सगळं, रिवाजाप्रमाणे, सासरच्या गावच्या तळ्यात सोडलं जायचं.

महादूला जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याच्यामागे टेम्पो अंगणात गंजायला लागला, तेव्हा कुणालनं तो विकला. त्याचे शर्ट कुणाकुणाला दिले. राहिला तो हौद. सकाळचा पहिला चहा घेऊन हौसाबाई हौदाच्या काठावर बसायची आणि दोन गोष्टी बोलायची. कुणाशी, ते विचारायची कुणाची छाती नव्हती.

तर अशा या घरात सून होती मृणाली. वडप्याच्या जमीनदाराची लेक, कल्याणच्या एका कॉलेजात झाडापानांचा विषय शिकवायची. दोन हजार सातच्या उन्हाळ्यात ती एक यंत्र घेऊन घरी आली. मुठीत मावेल एवढंसं, वर काळी शेंडी. "याला जीपीएस म्हणतात, आई," ती म्हणाली. "आपण कुठं उभे आहोत ते हे उपग्रहाला विचारून सांगतं."

"आपन कुठं उभं हाव ते आपल्याला ठाव नसतं व्हय गो?" हौसाबाई म्हणाली. पण सुनेचा अभिमान असा की दुसऱ्या दिवशी सगळ्या आळीत बातमी होती, आमची मृणाली आभाळाशी बोलते.

काम होतं जलपर्णीचं. भिवंडीच्या आसपास तळ्यांमागून तळी या वनस्पतीनं गिळली होती. वरून बघावं तर हिरवं मैदान, खाली पाणी सडलेलं. मासे मरायचे, डास माजायचे, म्हशी उतरायला बिचकायच्या. मृणाली आणि तिच्या कॉलेजातली माणसं सुट्टीच्या दिवशी एकेका तळ्याला काठानं फेरी घालायची, यंत्र जागा टिपून घ्यायचं, आणि घरी आल्यावर मृणाली ते सगळं कॉम्प्युटरवर, उपग्रहानं काढलेल्या चित्रावर चढवायची. पूर्ण भरलेलं तळं लाल ठिपका, अर्धं भरलेलं पिवळा, साफ ते हिरवा. नकाशा पुरा झाला की जिल्ह्याच्या कचेरीत द्यायचा. ज्या पाण्यावर ठिपका, तिथं साफसफाईला यंत्र आणि माणसं येणार होती. ज्याच्यावर नाही, तिथं कुणी फिरकणार नव्हतं.

एकदा हौसाबाईही तिच्याबरोबर कोनच्या तळ्यावर गेली. गुडघाभर उंच, एकमेकांच्या खांद्यावर चढलेली ती झाडं बघून तिनं नाकाला पदर लावला. "मेली कुठली ही अवदसा आली तल्यान!" तिच्या हौदातली रोपं बेतानं वाढलेली, रोज विचारपूस होणारी. ही रानटी. दोन्हींचं नातं असेल असं तिच्या मनातही आलं नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे माणसांनाच लागू आहे असं कुणी सांगितलं?

मृणाली यंत्राकडे बघत राहिली.

आषाढातल्या एका रविवारी कुणाल गोदामावरून लवकर घरी आला होता. कॉम्प्युटरवर नकाशा उघडा होता आणि हौसाबाई मेथी निवडत शेजारी बसली होती. कुणालनं वाकून बघितलं. "हे काय गं? ही झाडं पाण्याबरोबर वाहत जातात ना? मग खालच्या अंगाची तळी भरायला हवीत. ही तर वरच्या बाजूची पण लाल आहेत. एकाचं पाणी दुसऱ्यात जात नाही. मग गेली कशी, रिक्षानं?"

"जेवायला वाढू का?" मृणालीनं विचारलं. अजून अकराही वाजले नव्हते.

हौसाबाईनं सहज मान वर केली. "ह्यो ठिपका कुठला?"

"टेमघर."

"आनी ह्यो?"

"सरवली. तो पिंपळास. हा आमचा वडपे."

मेथीची काडी हौसाबाईच्या हातातच राहिली. टेमघरला भाविका दिली होती, शेजारच्या ठकुबाईची लेक. सरवलीला आळीतल्या केसरीनाथची थोरली. पिंपळासला त्याचीच धाकटी. वडप्याला मेघाली. मृणालीला तिथं तळी दिसत होती, कुणालला लाल ठिपके दिसत होते. हौसाबाईला मुली दिसल्या. हळद लागलेल्या, डोळे पुसत रिक्षात बसणाऱ्या, आणि पहिल्या गौरीला प्रत्येकीच्या सुपात भिजलं फडकं. एकही ठिपका असा नव्हता की जिथं तिची पोर नांदत नव्हती.

तिनं मेथी बाजूला सारली. "आपलं गाव दाखव," ती कसंबसं म्हणाली. मृणालीनं चित्र सरकवलं. कोनचा रस्ता आला, देऊळ आलं, तळं आलं, आणि आता घर येणार तेवढ्यात लाईट गेली. भिवंडीच्या लाईटनं कुणावर उपकार केले असतील तर ते त्या दिवशी.

पण हौसाबाईच्या डोक्यात वेगळंच चक्र सुरू झालं. देवळाचा कळस दिसतो, तर हौद दिसणार नाही? आभाळातलं ते यंत्र चोवीस तास वर बसलेलं, बघतंय. आज ना उद्या त्याची नजर परसात पडणार, आणि सुनेच्या कॉम्प्युटरवर सासूचा हौद लाल होणार. चोराच्या मनात चांदणं, तसं हिच्या मनात उपग्रह. दुपारी सगळे आडवे झाल्यावर तिनं कुणालची गोदामातली जुनी ताडपत्री ओढत आणली, हौदावर पसरली आणि चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले.

"ताडपत्री कशाला?" संध्याकाळी कुणालनं विचारलं.

"मच्छर झाल्यात," हौसाबाई म्हणाली.

मृणालीनं ताडपत्रीकडे बघितलं, मग आभाळाकडे बघितलं, आणि भांडी घासायला निघून गेली.

एवढ्यावर भागलं असतं तर झाकली मूठ झाकलेलीच राहिली असती. पण गावाला कुणीतरी धरायला हवंच असतं. कोनच्या तळ्यातल्या मासळीचा ठेका नामाकडे होता. जलपर्णीनं त्याचं जाळं पाण्यात जाईना, मासे उलटे तरंगू लागले, आणि त्याचं डोकं फिरलं. रोज सकाळी तळ्याच्या पायऱ्यांवर रामसूरत नावाचा भाजीवाला पालक-मेथी धुवायचा. गोरखपूरकडचा, कित्येक वर्षं कोनमध्ये राहणारा. हातगाडी घेऊन दारोदार फिरायचा आणि हौसाबाईच्या दारात मेथीची एक जुडी जास्तीची टाकायचा.

"याच्याच टोपल्यांतून आली ही घाण," नामानं चारचौघांत जाहीर केलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण ते ऐकायला सोपं होतं, आणि सोपं ते लोकांना पटतं. ठकुबाईसुद्धा म्हणाली, "हां गो, भाजीनच आसंल बी." नामानं रामसूरतच्या टोपल्या उचलून रस्त्यावर ठेवल्या आणि पुन्हा तळ्याला हात लावायचा नाही म्हणून दम भरला. नकाशा दाखवायला मृणालीनं श्रावणात गावोगावच्या बायकांची सभा ठेवली होती, तीत याला गावाबाहेर काढायचंच बोलू, असंही ठरलं.

रामसूरत हौसाबाईच्या दारात आला. भाजी धुतलेली नव्हती, मुळांना माती होती. "अम्मा, आप तो जानती हो. हमने कुछ नहीं डाला पानी में."

हौसाबाई जाणत होती. सगळ्या गावात तीच एकटी जाणत होती, असं तिला वाटत होतं.  बोलावं तर भाविकापासून सगळ्या पोरींच्या सासरी नाव जाणार, की हिनं गौरीच्या सुपात विष दिलं. आणि हौद उपसावा लागणार. महादूची बादली पुन्हा रिकामी होणार. नाही बोलावं तर हा समोर उभा.

"देखते हैं," ती म्हणाली. तो नेहमीप्रमाणे जास्तीची जुडी ठेवून गेला. त्या दिवशी घरात मेथी शिजली नाही.

त्यानंतर तिचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. चहा घेऊन परसात जायची, पण ताडपत्रीपुढे बसून बोलायचं काय? "काय करून ठेवलं आपन दोघांनी?" एवढंच एकदा तिनं विचारलं. ताडपत्री काय उत्तर देणार.

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी मृणाली नकाशावरचा शेवटचा हात फिरवत होती. हौसाबाई तिच्याजवळ जाऊन बसली. 

"एक तलं ऱ्हायलं तर काय व्हतं गो?" तिनं विचारलं.

मृणालीनं पडद्यावरून नजर काढली. "एक रोप राहिलं तरी पंधरवड्यात त्याची दोन होतात, आई. वर्षात तळं. मग सगळ्यांची मेहनत वाया."

"मंग आपलं घर दाखव."

"आत्ता?"

"आत्ताच. लाईट जायचे आदी."

मृणालीनं चित्र सरकवलं. रस्ता, देऊळ, तळं, आणि मग कौलांचा एक तांबूस चौकोन. हौसाबाईनं डोळे बारीक केले. हौद शोधायला आलेली तिची नजर अंगणातच अडकली. अंगणात एक छोटा निळा चौकोन होता.

"ह्ये निलं काय?"

"टेम्पो आहे, आई."

"टेम्पो तर इकला."

"हे चित्र जुनं आहे. उपग्रह रोज नवं चित्र देत नाही. हे तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातलं आहे."

हौसाबाईनं बोट पुढं केलं आणि काचेवर, त्या निळ्या चौकोनावर टेकवलं. ताग्यांवर टाकायची निळी ताडपत्री. महादू ती स्वतःच्या हातानं बांधायचा, दुसऱ्या कुणाची गाठ त्याला पटायची नाही. "तीन वर्सं," ती म्हणाली. "म्हंजे तवा ते घरान व्हते?"

"असणार. सावल्या बघा ना, सकाळचं चित्र आहे. टेम्पो अजून निघालेला नाही."

"दुसरा चाय घेत आसतील," हौसाबाई म्हणाली. "दुसरा चाय घेतल्याबिगर गाडी काढीत नसत." आणि तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळायला लागलं. ते पुसायचंही तिला सुचेना, कारण बोट उचललं तर टेम्पो निघून जाईल असं काहीतरी तिला वाटत होतं. मृणालीनं आपल्या ओढणीनं तिचे डोळे पुसले.

मग हौसाबाईनं हौद शोधला. घरामागे करड्या रंगाचा काठ आणि आत हिरवा ठिपका. पण तो झाडांचा हिरवा. मृणालीनं लावलेला ठिपका तिथं नव्हता. गावच्या तळ्यावर होता, टेमघरला होता, वडप्याच्या स्वतःच्या माहेरच्या तळ्यावर होता. घरामागं काही नव्हतं.

"ह्याचेवर ठिपका न्हाय लावलास?"

मृणालीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"तुला ठाव हाय, हौदान काय हाय ते."

"पहिल्या दिवसापासून," मृणाली हळू आवाजात म्हणाली. "लग्न झालं त्या वर्षी गौरीत वडप्याहून माझी सुपं आली, आणि तुम्ही त्यांच्यावर आपल्या हातानं हे फूल ठेवलंत. मला तेव्हाच नाव ठाऊक होतं. जलपर्णी. पुस्तकात त्याचं चित्र होतं, खाली काय लिहिलंय तेही पाठ होतं. पण तुम्ही म्हणालात, माझ्या लेकीसारखी तू, घे. कुणालचे बाबा बाजूला उभे राहून हसत होते. मी काय बोलणार होते? तिसऱ्या दिवशी मीच ते कोनच्या तळ्यात सोडलं. माझ्या हातानं."

हौसाबाई तिच्याकडे बघत राहिली. गाव सगळं पायाखाली घातलं होतं हिनं, आणि काखेतला कळसा हिला पहिल्यापासून माहीत होता.

"आनी ताडपत्री?"

"ती मी रोज दुपारी तुम्ही झोपलात की थोडा वेळ काढते," मृणाली म्हणाली. "रोपं पिवळी पडायला लागली होती. तुम्हाला बघवलं नसतं."

आता मात्र हौसाबाईला हसू आलं. रडू आणि हसू एकदम आलं की माणसाचं तोंड कसं होतं, तसं झालं. "आगो येडे! तुजं काम त्याला मारायचं, आनी तू त्याला ऊन दावतेस?"

"मला जमत नाही, आई. नकाशा पुरा झालाय असं उद्या सांगायचंय, आणि तो पुरा नाही. आठवडाभर झाला, बोट तिथं नेते आणि परत आणते."

हौसाबाईनं पदरानं तोंड पुसलं. हिनं आपल्यासाठी काय पणाला लावलं होतं ते तिला नेमकं कळत नव्हतं. पण पोटची लेक असती तर हेच करती, एवढं कळलं. आणि लेकीला खोटं बोलायला लावणारी आई तिला व्हायचं नव्हतं.

"लाव," ती म्हणाली. "लाल लाव. टेम्पोच्या बाजूलाच येतोय, बरा दिसंल."

मृणालीचा हात उठेना. तेव्हा हौसाबाईनंच तिचा हात धरला, माऊससकट, आणि बाण हौदावर नेला. क्लिक मृणालीनं केलं. लाल ठिपका उमटला.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या मांडवात सभा भरली. टेमघर, सरवली, पिंपळास, वडपे, सगळीकडच्या बायका आल्या, त्यांत कोनच्या लेकीच जास्त. पांढऱ्या चादरीवर नकाशा पडला तसं सगळ्यांनी आधी आपापली घरं शोधली आणि एकच गलका केला. नामा मागं उभा होता. गलका थांबायच्या आत त्यानं सुरू केलं, की हे सगळं एका परप्रांतीयाच्या टोपल्यांतून आलंय. रामसूरत मांडवाच्या बाहेर गाडीला टेकून उभा होता. आत यायची त्याची हिंमत नव्हती.

"नामा, गप बस," हौसाबाई उठली. तिनं मृणालीच्या खांद्याचा आधार घेतला. "त्या गरिबानं काय न्हाय केलं. मी केलंय. ही तुमची जलपर्णी म्हंजे माजं मोरफूल. ज्या ज्या पोरीला मी सुपान दिलं, तिच्या गावचं तलं लाल झालं. बघा, मोजा. मना ठाव नव्हतं, पन ठाव झाल्याव बी मी गप ऱ्हायली. त्याचे टोपल्या रस्त्यावं गेल्या तवा बी गप ऱ्हायली. ह्यो माजा गुन्हा."

 बायका चादरीकडे बघत होत्या. एकेकीला आपला ठिपका कळत होता, आपलं सूप आठवत होतं. हौसाबाईनं खाली मान घातली. आता पहिला दगड कुणाचा येतो, त्याची ती वाट बघत होती.

भाविका उठली. टेमघरहून दोन पोरं घेऊन आलेली. ती सरळ हौसाबाईपुढे आली आणि तिच्या कमरेला मिठी मारून उभी राहिली. "काकी, माजे सासरी पैल्या दिवशी मना कोन वलखत नव्हतं," ती म्हणाली. "तुजं फूल बघून सासू बोल्ली, माहेरची मानसं जिवाची दिसतान. मी काय ते इसरेन व्हय?"

मग ठकुबाईचं तोंड सुटलं. "हौशे, सगले गावची पोर उजवलीस, आता सगले गावची तली बी तूच साफ कर!" आणि मांडव हसला. नामा मात्र हसला नाही. तो बाहेर गेला, रामसूरतच्या गाडीजवळ घुटमळला, माफी काही त्याच्या तोंडून निघाली नाही. पण "उद्यापास्ना धू भाजी," एवढं बोलून गेला. हौसाबाईनं रामसूरतचे हात आपल्या हातात घेतले. "अम्मा, रहने दो," तो सारखं म्हणत होता.

पहिला हौद उपसला गेला, तो हौसाबाईचा. तिनं कुणालला हात लावू दिला नाही. एकेक रोप तिनं स्वतः उचललं, पाणी निथळू दिलं आणि ओट्यावर उन्हात पसरलं. सगळ्यात शेवटी एक तुरा उमललेला होता. तो हातात घेऊन ती बराच वेळ बसली. मृणाली म्हणाली, "आई, एवढं एक बाटलीत ठेवू. मी लक्ष ठेवीन." हौसाबाईनं मान हलवली. "तूच बोल्लीस ना, एका रोपाची दोन व्हतात," ती म्हणाली, आणि तोही उन्हात ठेवला. वाळल्यावर सगळं खड्ड्यात पुरलं. त्या दिवशी नकाशावरचा पहिला ठिपका लालचा हिरवा झाला. त्या वर्षीच्या गौरीत सुपांवर नुसता तेरडा होता. गौर रुसली वगैरे काही नाही. चिंबोऱ्या नेहमीसारख्याच संपल्या.

तळी काही एका दमात साफ झाली नाहीत. काढावी, परत उगवावी, परत काढावी. बायका पाळ्या लावून पाण्यात उतरल्या, नामाही उतरला. ठिपके लालचे पिवळे झाले, पिवळ्याचे हिरवे. आणि हौसाबाईला रोज दुपारी लाईट असली की मृणालीच्या कॉम्प्युटरपुढे बसायची सवय लागली. नकाशा बघायचा म्हणायची. बघायची अंगण. तिचा सकाळचा पहिला चहा आता हौदावर नसायचा. दुपारचा चहा टेम्पोपाशी असायचा.

दोन वर्षांनी, एका दुपारी, मृणालीनं नकाशा उघडला आणि ती थबकली. चित्र बदललं होतं. नवं होतं, स्वच्छ. कोनचं तळं काळंभोर मोकळं दिसत होतं. टेमघरचं तसंच, वडप्याचंही. एवढ्या बायकांनी कमरेइतक्या पाण्यात उभं राहून जे केलं, ते आभाळातून दिसत होतं. मृणालीचा ऊर भरून आला, आणि दुसऱ्याच क्षणी तिला अंगण आठवलं. तिनं झटकन नकाशा बंद करायला हात नेला, पण हौसाबाई चहाचा कप घेऊन मागे उभी होती.

हौसाबाईनं आधी तळं बघितलं. मग रस्ता, देऊळ, घर. घरामागं हौद होता, त्यात नुसतं पाणी. पुढं अंगण होतं. अंगण रिकामं होतं.

"आई," मृणाली घाईघाईनं म्हणाली, "जुनं चित्र कुठं गेलं नाही. आता जुनी चित्रंही बघता येतात, थांबा, मी लगेच..."

"ऱ्हाऊ दे," हौसाबाई म्हणाली. तिनं खुर्ची ओढली, नेहमीच्या जागी बसली आणि चहाचा एक घोट घेतला. रिकाम्या अंगणावरून तिनं बोट फिरवलं, केर काढावा तसं, अगदी हलक्या हातानं.

"दुसरा चाय झाला आसंल," ती म्हणाली. "गेलं आसतील भाडं घिऊन."